३१ इंचांची बाबागाडी : गर्दीच्या थीम पार्कमधल्या एका नियमाचा अभ्यास

मार्च २०१९ च्या अखेरीस डिस्नेनं अमेरिकेतल्या आपल्या पार्कांसाठी काही नवे नियम जाहीर केले. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, दोन्हीकडे ते १ मेपासून लागू होणार होते. ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब बाबागाडी आत नेता येणार नाही, हा त्यातला सगळ्यात जास्त चर्चा झालेला नियम. त्याआधी रुंदीची मर्यादा ३६ इंच होती. लांबीची ५२ होती, ती तशीच ठेवली गेली. ओढायच्या वॅगनला, म्हणजे चार चाकांच्या खोक्यासारख्या छोट्या गाडीला, आधीपासून बंदी होतीच, आता मुलांना बसवून ढकलायच्या स्ट्रोलर-वॅगनही बाद झाल्या. त्याच घोषणेत पार्कच्या आतल्या धूम्रपानाच्या जागा काढून टाकल्या आणि सुटा बर्फ आणायला मनाई केली. गर्दीची ये-जा सुरळीत व्हावी, कोंडी कमी व्हावी, हे बाबागाड्यांच्या नियमामागचं कारण होतं.

यावर लगेच दोन तट पडले. मूल बरोबर नसलेल्यांना हायसं वाटलं. मागून येणाऱ्या गाडीचं चाक घोट्यावर आदळणं, परेड पाहताना पुढ्यात अचानक चार गाड्या येऊन थांबणं, चांगली पळती मुलं दिवसभर गाडीत बसवून फिरवणारे पालक, या तक्रारी जुन्याच होत्या. काहींना ३१ इंचही जास्त वाटले. गर्दीच्या दिवशी बाबागाड्या आतच सोडू नका, असं ते म्हणू लागले. पालकांचा प्रश्न साधा होता. ज्या जागेची जाहिरातच लहान मुलांच्या नावावर होते, तिथं लहान मूल न्यायचं कसं?

माझं मत आधीच सांगते. रुंदीवरचा निर्बंध योग्य होता. बाबागाड्यांवर सरसकट बंदी मात्र चूक ठरली असती, आणि गर्दीचं मूळ दुखणं तिनंही बरं झालं नसतं. कारण ते दुखणं फाटकावर नाही, आत ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक वेळी उद्भवतं.

वाट १९५५ ची

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं आणि पहिल्याच दिवशी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आत आली. तेव्हापासून गर्दी हा या पार्कचा कायमचा सोबती आहे. मधल्या चौकातून, ज्याला हब म्हणतात, अ‍ॅडव्हेंचरलँडकडे जाणारी वाट पाहा. जंगल क्रूझ ही तिथली पहिल्या दिवसापासूनची राइड. त्याच वाटेनं पुढे गेलं की न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर लागतो. तिथं १९६७ मध्ये पायरेट्सची राइड आली, १९६९ मध्ये हॉन्टेड मॅन्शन. मग १९९५ मध्ये जंगल क्रूझच्या शेजारी इंडियाना जोन्सची राइड सुरू झाली. इतकी मोठी आकर्षणं येत गेली तरी वाटेची रुंदी त्या प्रमाणात वाढली नाही. त्यात राइडच्या रांगेत बाबागाडी नेता येत नाही, ती बाहेर लावून जावं लागतं. म्हणजे जिथं माणसांची सगळ्यात जास्त दाटी, तिथंच गाड्या उभ्या करण्याचीही गरज सगळ्यात जास्त.

२०१९ मध्ये या जुन्या पार्कला १४ एकरांचा नवा भाग जोडला जाणार होता. 'स्टार वॉर्स' चित्रपटांवर बेतलेला हा 'गॅलॅक्सीज एज' डिस्नेलँडमध्ये ३१ मेला आणि फ्लोरिडातल्या हॉलिवूड स्टुडिओजमध्ये २९ ऑगस्टला उघडला. तो पाहायला लोक लोटणार हे उघड होतं. म्हणून डिस्नेलँडनं 'प्रोजेक्ट स्टारडस्ट' नावानं तयारी सुरू केली होती. फुलझाडांचे कट्टे छाटून वाटा रुंद केल्या, काही ठिकाणचे कठडे काढले, बाबागाड्या लावायच्या जागा हलवल्या आणि वाढवल्या. ३१ इंचांचा नियम या मोठ्या तयारीचा एक तुकडा होता. तो सुटा काढून पाहिला की पालकांवर उगारलेल्या काठीसारखा दिसतो. बाकीच्या कामांबरोबर पाहिला की त्यामागचा विचार कळतो.

पाच इंचांनी काय साधतं

अमेरिकी अभियंता जॉन फ्रुइन यांनी पादचाऱ्यांच्या गर्दीचा अभ्यास करताना उभा माणूस म्हणजे २४ इंच रुंद आणि १८ इंच खोल असं लंबवर्तुळ मानलं. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम २.४ चौरस फूट भरतं. आता बाबागाडी मोजू. ३६ गुणिले ५२ म्हणजे बरोबर १३ चौरस फूट. ३१ गुणिले ५२ म्हणजे ११.२. जुन्या मर्यादेतली सगळ्यात मोठी गाडी साडेपाच उभ्या माणसांची जागा घेत होती, नव्या मर्यादेतली पावणेपाच माणसांची घेते. फरक १४ टक्क्यांचा. तोही फक्त त्या गाड्यांपुरता, ज्या आधी कमाल मापाच्या होत्या. बाजारातल्या बहुतेक गाड्या, अगदी दोन मुलांच्या पुष्कळशा गाड्याही, ३१ इंचांत बसतात. नियम लागला तो शेपटाकडच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या मापाच्या, मोजक्या गाड्यांना.

मग त्याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो क्षेत्रफळात शोधून सापडत नाही. तो अरुंद जागी दिसतो. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या सुगम्यता मानकांनुसार दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच आणि वाटेची किमान ३६ इंच लागते. ३१ इंची गाडी अशा दारातून जाते. ३६ इंची गाडी दारात अडकते आणि किमान रुंदीची वाट एकटीच अडवून बसते. गर्दीत एक गाडी अडकली की मागची पन्नास माणसं थांबतात, आणि त्यातल्या कुणालाच पुढे काय झालंय ते दिसत नाही. सरासरी गाडीनं कोंडी होत नसते, सगळ्यात मोठ्या गाडीनं होते. म्हणून शेपूट छाटणं योग्यच होतं.

चालती गाडी आणि उभी गाडी

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. लोक चिडतात चालत्या गाडीवर, कारण ती घोट्याला लागते. गर्दीचा गळा आवळते ती उभी गाडी.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी एक आकडा वापरला जातो : सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जाऊ शकतात. समजा एखादी वाट सहा मीटर रुंद आहे. तिच्यातून मिनिटाला ४९२ माणसं जातील. आता तिच्या एका कडेला बाबागाड्यांची रांग लावा. गाड्या तोंड भिंतीकडे करून शेजारी शेजारी उभ्या राहतात, त्यामुळे वाटेची जी रुंदी जाते ती गाडीच्या लांबीएवढी. ५२ इंच म्हणजे १.३२ मीटर. मिनिटाला १०८ माणसांची वाट गेली. उरली ३८४ माणसांची. कुणीही काही वावगं न करता, गाड्या नेमून दिलेल्या जागी शिस्तीत लावलेल्या असतानाही.

नियमानं कमी केली ती रुंदी. दहा मीटरच्या रांगेत ३६ इंची गाड्या दहा बसत असतील, तर ३१ इंची बारा बसतील. हा फायदा खरा आहे, रांग थोडी आखूड होते. पण रांग वाटेत किती घुसते हे लांबीवर ठरतं, आणि लांबीला हात लागला नाही. अरुंद वाटेवरच्या कोंडीला फाटकावरची मोजपट्टी हे उत्तर म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिथं उपयोगी पडलं ते स्टारडस्टमधलं काम : गाड्या लावायची जागाच वाटेतून उचलून दुसरीकडे नेणं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तोच खरा उपाय होता. पालकांवर त्याचा भार जवळपास शून्य होता, आणि म्हणूनच कदाचित त्यावर वादही झाला नाही.

गाड्या लावायची ही जागा एकदा नीट पाहण्यासारखी असते. राइडवरून परतलेले आईबाप साठ-सत्तर एकसारख्या गाड्यांतून आपली शोधतात. खूण म्हणून कुणी दांड्याला लाल फीत बांधलेली असते, कुणी फुगा. गाडी जिथं लावली होती तिथं बहुधा नसते, कारण पार्कचे कर्मचारी दिवसभर गाड्या सरकवून रांगा घट्ट करत असतात. दांड्याला लंगोटांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, ओला रेनकोट लटकतो. मुलाला उचललं की पुढचं वजन जातं आणि गाडी सामानासकट मागे कलंडते. बाबागाडीत मूल असतं तेवढाच दिवसभराचा संसारही असतो, हे तिथं उभं राहिलं की कळतं. 'मुलाला कडेवर घ्या, गाडी कशाला हवी' म्हणणाऱ्यांनी ती पिशवी हिशेबात धरलेली नसते.

गाडी काढली, मूल कुठं गेलं?

बंदीच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद असा की गाडी नसली तर जागा मोकळी होईल. गाडीची जागा होईल, हे खरं. पण मूल हवेत विरत नाही. ते कडेवर जाईल किंवा हात धरून चालेल.

कडेवरचं मूल जागा जवळजवळ घेतच नाही. गर्दीच्या दृष्टीनं ही उत्तम व्यवस्था, पण तीन वर्षांचं मूल कडेवर घेऊन किती वेळ चालणार? फ्लोरिडातल्या एपकॉटमध्ये तळ्याभोवतीची देशादेशांच्या दालनांची वाट एका फेरीला सुमारे दोन किलोमीटर भरते, आणि ती पार्कचा फक्त एक भाग. पाठीला हात लावलेले आईबाप वाटेतच टेकतात. वाटेत टेकलेलं कुटुंब एका गाडीपेक्षा जास्त जागा अडवतं.

हात धरून चालणारं मूल मोठ्या माणसाच्या शेजारी चालतं. मोठ्याचे २४ इंच, त्यात मुलाचे पंधरा-सोळा धरले तर दोघं मिळून चाळीसेक इंच रुंद होतात, म्हणजे ३१ इंची गाडीहून जास्त. लांबीत बचत होते, रुंदीत तोटा. त्याहून मोठा तोटा वेगाचा. दोन वर्षांचं मूल दहा पावलं चालतं, खाली वाकून काहीतरी उचलतं, पुन्हा उभं राहतं. दाट गर्दीत असा अवचित थांबा धोक्याचा असतो. फ्रुइन यांच्या मोजणीनुसार दर माणशी पाच चौरस फुटांखाली जागा गेली की चालणं उरतच नाही, माणसं नुसती सरकतात. त्या दाटीत लहान मूल मोठ्यांच्या कमरेखाली असतं. मागच्याला ते दिसत नाही आणि त्याला पुढचं काही दिसत नाही. हात सुटला तर सापडणं कठीण. गाडीत ते निदान एका चौकटीत सुरक्षित असतं.

दुसरी बाजू मात्र मी झाकून ठेवणार नाही. दाटी फारच वाढली, चौरस मीटरला चार-पाच माणसं झाली, की तीच गाडी संकट होते. ती गुडघ्याच्या उंचीवर असते, तिच्यावर माणूस अडखळून पडतो, ती वळवता येत नाही, आणि आतलं मूल पट्ट्यात अडकलेलं असतं. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कात रात्रीची आतषबाजी संपते तेव्हा हजारो माणसं एकाच वेळी मेन स्ट्रीटनं, म्हणजे फाटकाकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यानं, बाहेर निघतात. कर्मचारी हातात चमकते दांडे घेऊन वाट दाखवतात, फार गर्दीच्या रात्री इमारतींमागची पर्यायी वाटही उघडली जाते. त्या अर्ध्या तासात, त्या एका रस्त्यावर बाबागाड्यांवर कडक निर्बंध असायला माझी पूर्ण संमती आहे. सकाळी दहा वाजता रिकाम्या वाटेवर त्याच गाडीला मनाई करण्यात मात्र काहीच अर्थ नाही.

ओल्याबरोबर सुकंही

रुंदीचा नियम मोजता येतो, म्हणून तो न्याय्य वाटतो. स्ट्रोलर-वॅगनची बंदी तशी नव्हती. काही वॅगन नव्या मापात आरामात बसत होत्या, तरी प्रकार म्हणून सगळ्याच बाद झाल्या. दोन-तीन मुलं एकत्र बसवता येतात, वर छत असतं, सामान मावतं, म्हणून मोठ्या कुटुंबांना त्या हव्या असतात. आणि आणखी एका वर्गाला त्या जास्तच हव्या असतात : स्वमग्न किंवा अन्य अडचणी असलेल्या, नेहमीच्या बाबागाडीत न मावणाऱ्या मोठ्या मुलांच्या पालकांना. गोंगाटानं बिथरलेल्या मुलाला छताखालची ती बंद जागा म्हणजे आसरा असतो. ओल्याबरोबर सुकंही जळतं ते असं. मापात बसणारी वॅगन नाकारायला कोंडी हे कारण पुरत नाही, आणि या एका मुद्द्यावर मी पार्कच्या विरोधात आहे.

डिस्नेकडे यावर एक सोय आहे. बाबागाडी हीच ज्या मुलाची व्हीलचेअर आहे, त्याच्या गाडीला पाहुण्यांच्या मदत कक्षातून तशी चिठ्ठी लावून मिळते आणि ती रांगेतही नेता येते. सोय चांगली आहे. पण तिच्यासाठी पालकांना आधी जाऊन सांगावं लागतं, आपल्या मुलाची अडचण अनोळखी माणसासमोर उलगडावी लागते.

इथं ब्रिटनमधल्या एका खटल्याची आठवण होते. २०१२ मध्ये एका बसमध्ये व्हीलचेअरच्या जागेत झोपलेल्या मुलाची बाबागाडी होती. चालकानं विनंती केली, आईनं गाडी हलवली नाही, व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला बस सोडावी लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयानं म्हटलं की नुसती विनंती करून थांबणं पुरेसं नाही, चालकानं परिस्थिती पाहून आणखी आग्रह धरायला हवा. मुलाची सोय आणि अपंगाचा हक्क समोरासमोर आले तर हक्काला प्राधान्य, हे मला मान्य आहे. पण थीम पार्कमध्ये कित्येकदा ती दोन वेगळी माणसं नसतात. गाडीतलं मूल हेच अपंग असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणूनच 'पाच वर्षांवरच्यांना गाडी नको' ही वारंवार येणारी सूचना मला पटत नाही. वय विचारणं सोपं आहे, पण पायात बळ आहे की नाही हे वयावरून कळत नाही.

परिणाम वेगळा काढता येत नाही

२०१९ च्या उन्हाळ्यात डिस्नेलँडमध्ये अपेक्षित महापूर आलाच नाही. गॅलॅक्सीज एज उघडल्यावर २३ जूनपर्यंत तिथं आरक्षणाशिवाय प्रवेश नव्हता आणि प्रत्येकाला चार तास मिळत. वार्षिक पासधारकांवर तारखांचे निर्बंध होते. गर्दी आणि महागाईच्या धास्तीनं कित्येकांनी बेत पुढे ढकलला. त्या तिमाहीत डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांतली हजेरी ३ टक्क्यांनी घटली. एवढं सगळं एकाच वेळी घडत असताना वाटा मोकळ्या वाटल्या तर त्याचं श्रेय बाबागाडीच्या पाच इंचांना देता येत नाही. नियमाचे कौतुक करणारे नेमकं हेच विसरतात.

पुढे महासाथीत पार्क बंद पडले आणि उघडले ते मर्यादित संख्येनं, तारखेचं आरक्षण घेऊन. डिस्नेलँड ३० एप्रिल २०२१ ला पुन्हा सुरू झालं. आत किती माणसं सोडायची हा आकडा पार्कच्या हातात असतो, हे त्या काळात सगळ्यांना दिसलं. दर माणशी मिळणारी जागा ठरवण्यात या एका आकड्यापुढे बाकीचे सगळे नियम किरकोळ आहेत. गाडी ढकलणारी आई आणि मागून चालणारा तरुण गर्दीत एकमेकांवर चिडतात, तेव्हा दोघांनाही त्या दिवसाचं तिकीट एकाच खिडकीवर विकलेलं असतं.

मग निर्बंध कसे असावेत

रुंदीची मर्यादा राहावी. वॅगनलाही तेच माप लावावं, बसली तर आत, नाही तर बाहेर. अरुंद वाटांवर गाड्या उभ्या करायची परवानगी अजिबात नसावी, त्यासाठी राइडपासून शंभर पावलं लांब जावं लागलं तरी चालेल. शंभर पावलं मूल कडेवर घेणं कुणालाही जमतं.

परेड आणि आतषबाजीच्या आधी तासभर, फक्त त्या मार्गावर, गाडी घडी करून ठेवायला सांगावी. आजच्या हलक्या गाड्या एका हातानं मिटतात. ओवेन मॅक्लारेन नावाच्या वैमानिकी अभियंत्यानं १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली तेव्हापासून ही सोय आहे. डिस्नेच्या बसमध्ये गाडी मिटूनच चढावं लागतं आणि पालक ते रोज करतात. मात्र झोपलेलं मूल, पिशवी आणि मिटलेली गाडी हे तिन्ही एकट्या माणसाला धरता येत नाही. म्हणून मार्गालगत सामानघर हवं : गाडी सामानासकट द्यायची, बिल्ला घ्यायचा, कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडायच्या फाटकाशी ती परत मिळायची. म्हणजे सगळ्यात दाट अर्ध्या तासात मेन स्ट्रीटवर चाकं नसतील आणि मुलं मोठ्यांच्या कडेवर असतील, जिथं ती त्या वेळी सगळ्यात सुरक्षित असतात. चिठ्ठी लावलेल्या गाड्यांना यातून सूट, आणि त्यांच्यासाठी दोरी बांधून राखलेली वेगळी जागा.

यासाठी माणसं लागतील. गाड्या घेणारी, नेणारी, चुकलेला बिल्ला शोधून देणारी. तो खर्च पार्कनं सोसावा. तीन वर्षांखालच्या मुलाला डिस्नेच्या पार्कांत तिकीट लागत नाही. अशा मुलाला बोलावताना त्याची गाडीही येणार, हे पार्कला आधीपासून ठाऊक असतं.